तलावाच्या पाळीवरची तुर्की

चंद्रपूर-गडचिरोलीकडे लोक वाघ बघायला जातात आणि परत आले की पुढचे चार महिने भेटेल त्याला फोटो दाखवतात. मी तिकडे गेले ती तुर्की भाषेतली उभयान्वयी अव्ययं घेऊन, आणि फोटो एकही काढला नाही. तेव्हा ज्यांना वाघ हवाय त्यांनी इथंच थांबलेलं बरं.

आधी मी कोण ते सांगते. पुण्यातल्या एका कारखान्यात तुर्कस्तानातून कापड विणायची यंत्रं यायची, त्यांचा पत्रव्यवहार माझ्याकडे होता. त्या कामापायी दोन वर्षं बुर्सा शहरात काढली, भाषा शिकले. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून घरूनच संगणकावर तुर्कीचे वर्ग घ्यायला लागले. येणाऱ्या बहुतेक मुली तिकडच्या मालिका बघून वेड्या झालेल्या असतात. त्यांना व्याकरण नको, प्रेमाची चार वाक्यं हवी असतात. त्यांच्यात सुनंदा वेगळी निघाली. धानोऱ्याच्या पुढच्या जंगलातली, गोंड घरातली मुलगी, आरोग्य उपकेंद्रात नर्स. तिचा धाकटा भाऊ देविदास वेल्डर म्हणून तुर्कस्तानात इमारतीच्या कामावर गेला होता आणि तिलाही तिकडच्या इस्पितळात नोकरी बघायची होती. रेंज मिळावी म्हणून ती ऊनपाऊस न बघता कुठल्याशा तलावाच्या पाळीवर बसून वर्गाला यायची. मागे म्हशी दिसायच्या.

मग एके दिवशी देविदास उंचावरून पडला आणि गेला.

बरेच दिवस सुनंदा वर्गाला आली नाही. आली ती एकदम म्हणाली, "मॅडम, आता मले भांडाचं कसं ते शिकवा."

प्रकरण असं होतं. कंपनीचं म्हणणं, देविदासनं कमरेचा सुरक्षेचा पट्टा स्वतःच सोडला, म्हणून पडला, चूक त्याची. घरच्यांनी हे मान्य करेपर्यंत प्रश्न 'विचाराधीन', आणि तोवर देह तिकडच्या इस्पितळात बर्फात. सुनंदाचं म्हणणं, पट्टा कोणाला दिलाच नव्हता. तिला भाऊ घरी हवा होता आणि त्याच्या माथी मारलेली चूकही पुसून हवी होती. पुष्कळ खटपटींनंतर कंपनीचा वकील फोनवर समोरासमोर बोलायला तयार झाला. दलाल नको, घरच्यांनी बोलावं, मी ऐकतो, असा त्याचा निरोप होता.

मग आम्ही सगळं सोडून नुसती जोडणारी अव्ययं घोटली. मी नेहमी सांगते, वाद घालायचा तर वाक्यं सुटी ठेवायची नाहीत. सुटं वाक्य समोरचा अलगद उचलून बाजूला ठेवतो. 'चुंकू' म्हणजे कारण. 'उस्तेलिक' म्हणजे शिवाय, वर आणखी. 'ओयसा' म्हणजे वस्तुस्थिती मात्र उलट आहे. 'ने… ने' म्हणजे आपलं ना हे, ना ते. आणि सगळ्यांत धारदार 'मादेम', म्हणजे ज्याअर्थी. ज्याअर्थी तुम्ही पट्टाच दिला नाहीत, त्याअर्थी तो त्यानं सोडला असं कुठल्या तोंडानं म्हणता? हे वाक्य सुनंदा असं म्हणायची की पुण्यात बसून मीच उत्तर शोधायला लागायचे. शेवटी मीच म्हटलं, बोलणं व्हायच्या दिवशी मी तिथं येते. ती नको म्हणाली नाही.

चंद्रपूर

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. गाडीतून उतरले तर थंडी होती, पण हवा स्वच्छ नव्हती. चंद्रपूरचं आकाश मला सकाळ-संध्याकाळ एकाच रंगाचं दिसलं, राखेच्या. किल्ल्याची तटबंदी देखणी आहे, दरवाजे तर फारच. त्यांच्यामागे धुराच्या चिमण्या उभ्या आहेत आणि कोणालाच त्याचं काही वाटत नाही.

सुनंदा स्टेशनवर आली होती. वर्षभर नुसता चेहरा बघितलेलं माणूस पहिल्यांदा अख्खं दिसलं की गंमत वाटते. ही तर माझ्या खांद्याला लागेल एवढीशी. वाकून नमस्कार केला आणि माझी पिशवी काढून घेतली. पोह्यांवर झणझणीत तर्री ओतून देतात ते आम्ही उभ्यानंच खाल्लं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"तिखट लागून राह्यलं का, मॅडम?"

"नाही गं, मस्त आहे," मी खोटं बोलले.

ती हसली नाही. त्या संपूर्ण प्रवासात मी तिला हसवायचे पुष्कळ प्रयत्न केले आणि सगळे वाया गेले.

घुग्घुस

देविदासच्या शेजारी उभा राहून काम करणारा राजू घुग्घुसला राहतो. तो आता परत आलाय आणि सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागलाय. त्यानं वकिलासमोर दोन शब्द बोलावेत एवढ्यासाठी आम्ही तिकडे गेलो. रस्ता सगळा ट्रकांचा. झाडं हिरवी असतात हे तिथं आठवावं लागतं. पाळी सुटलेली माणसं मोटारसायकलींवरून तोंडाला दुपट्टे बांधून निघाली होती, भुवया पांढऱ्या झालेल्या.

राजूच्या आईनं विचारपूस न करता आधी ताटं वाढली. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांगं आणि जवसाची चटणी. आमच्याकडे पाहुण्याला आधी 'काय घेणार' विचारतात आणि तो 'काही नको' म्हणेल अशी आशा धरतात. इथं विचारतच नाहीत. राजू समोर बसला, पण जेवला नाही.

"पट्टे होते का रे?" सुनंदानं विचारलं.

"कायचे पट्टे? साहेब लोक पाहाले आले का तेवढ्यापुरते वाटत. गेले का काढून घेत. त्या दिवशी ना पट्टा होता ना खाली जाळी. मी त्याच्यापासून दोन हातावर होतो, ताई."

"मंग हेच बोल. मॅडम तुर्कीत सांगतीन."

तो बराच वेळ चटणीत बोट फिरवत राहिला. "मले परत जाचं हाये तिकडं," तो म्हणाला. "कंपनीनं काळ्या यादीत नाव टाकलं तर कोन नेईल मले? इथी काय हाये, तुमीच सांगा. हे पाहा." त्यानं हात पुढे केले. नखांच्या कडांतून सिमेंट निघतच नव्हतं.

मला असा राग आला! मेलेल्या मित्रासाठी दोन वाक्यं बोलवत नाहीत? मी तोंड उघडणार तेवढ्यात सुनंदा उठली, हात धुतले, राजूच्या आईच्या पाया पडली आणि म्हणाली, "जाय तू. पर वर चढताना पट्टा मागून घेत जा." बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, एवढ्या सहज कशी सोडलीस त्याला? ती म्हणाली, "त्याले पन माय हाये ना, मॅडम."

गोंडपिपरी

सरळ मूलवरून गडचिरोली जवळ पडते, पण आम्हाला वाकडी वाट करून चैतू मामांना घ्यायचं होतं. हे सुनंदाच्या आईचे सख्खे भाऊ, गोंडपिपरीजवळ शेती करतात. मयताच्या कुठल्याही कामात मामा लागतोच, असं सुनंदा म्हणाली. मला वाटलं, आपल्याकडे मोठं माणूस म्हणून बसवतात तसं असेल.

मामा वाळक्या अंगाचे, फार कमी बोलणारे. त्यांच्या अंगणात धानाच्या पेंढ्या पडल्या होत्या. तांदळाची भाकर आणि सुक्या झिंग्यांची चटणी खाऊन आम्ही एसटी धरली. आष्टीच्या पुलावर वैनगंगा आली. केवढं पाणी, आणि एक होडी नाही, एक माणूस नाही. मामांनी खिडकीतून नदीला हात जोडले. मग तासभरानं, चामोर्शीच्या अलीकडे कुठेतरी, मध्येच मला म्हणाले, "बाई, त्या वकिलाचं नाव काय?"

मी सांगितलं.

"मले दोन-चार वेळा म्हनून दाखवा. नाव नीट घेतलं पाह्यजे. मी बोलनार हाये ना."

मी सुनंदाकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मामा, बोलणार तर सुनंदा आहे," मी म्हटलं. "इतके दिवस तयारी केलीय तिनं."

"पोरगी कशी बोलन?" मामांना खरंच आश्चर्य वाटलं. "ते तर भावकीतली हाये. ज्याच्या घरचा मेला त्यानं नाई बोलाचं. आमच्यात सोयऱ्यानं बोलाचं असते."

सुनंदा एवढंच म्हणाली, "फोनवर चालते मामा. हे काई गावची बैठक नाई."

मामा त्यावर काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ होकार नव्हता हे मला गावात पोचल्यावर कळलं.

धानोऱ्याच्या पुढे

गडचिरोली सोडली की साग सुरू होतो आणि संपतच नाही. धानोऱ्याच्या बाजारात हिरड्याची पोती लागली होती. पुढे रस्त्यावर पोलिसांनी गाडी थांबवून कुठून आलात, कशाला आलात विचारलं. "तुर्की शिकवायला," मी सांगितलं. त्या पोरसवदा शिपायानं माझ्याकडे पाहिलं आणि जा म्हणून हात केला. बहुधा म्हातारीचं डोकं फिरलंय असं त्याला वाटलं असणार.

गाव लहान, घरं एकमेकांपासून लांब लांब, कुडाच्या कुंपणाची, अंगणं अशी सारवलेली की चप्पल ठेवायला संकोच वाटावा. सुनंदाच्या आईनं तांब्याभर पाणी माझ्या पायांवर घातलं. मी "अहो, अहो" करत मागे सरले. आमच्याकडे पाय धुवायची पद्धत लग्नातल्या जावयापुरती उरलीय. आईंनी पळसाच्या द्रोणात आंबील दिली आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

त्यांच्या शेतातलं धान कापून आलं होतं, पण घरात शिजत होता तो रेशनचा तांदूळ. घरचा मेलेला माणूस पूर्वजांत जाऊन बसेपर्यंत त्या घरानं नवं धान्य खायचं नाही, अशी तिथली रीत. आणि बसणार कसा? देहच नाही. शेजारच्या अंगणातून नव्या तांदळाचा वास येत होता. मी विचारलं, आई जेवतात का नीट? सुनंदा म्हणाली, "थोडसंच खाते. माह्या लेकराले थंडी वाजत असन, म्हनते. बर्फात ठेवला म्हनून कोनं सांगितलं कोन जाने तिले." ते ऐकून मला रडू आलं, आणि आईंनी उठून माझ्याच पाठीवर हात फिरवला.

दुपारी गावची जाणती मंडळी जमली. बोलणं गोंडीत, सुनंदा मला हळू आवाजात सांगत होती. आमच्या सोसायटीच्या सभेत चार माणसं एकदम बोलतात आणि पाचवं त्यांना गप्प करायला ओरडतं. इथं एक जण बोलायचा आणि मग सगळे गप्प. इतके गप्प की मला वाटायचं सभा संपली. मग दुसरा बोलायचा. म्हणून, कारण, तरीसुद्धा असलं काही सुनंदाच्या सांगण्यात येतच नव्हतं. पहिल्याचं बोलणं मनात उतरेपर्यंत थांबत असावेत.

ठरलं ते असं. फोन असो की बैठक, माणूस मागायचा आहे, तेव्हा सोयराच बोलणार. म्हणजे मामा. मागणं गोंडीतच करायचं, तर मामांचं बोलणं तुर्कीत कोण नेणार? मला गोंडी येत नाही. सुनंदानं ते मराठीत मला सांगायला हरकत नव्हती, कारण ते आपसातलं. पण वकिलाच्या कानात शब्द घालायचा तो माझ्या तोंडानं. आणि माझं तोंड मामांचं तोंड होणार, तर मी कोणाच्या बाजूची, हे आधी ठरायला हवं.

"बाई, तुमच्या घरी देव किती?" एका आजोबांनी मराठीत विचारलं. सात देवांची घरं, सहा देवांची घरं अशी त्यांच्यात वाटणी असते आणि सोयरीक त्यावरून जुळते, हे मला नंतर समजलं.

"देव्हाऱ्यात बारा-तेरा असतील," मी सांगितलं. "पुसताना वैताग येतो."

सुनंदानं ते गोंडीत सांगितलं आणि सगळी बैठक हसली. आईसुद्धा. मग आजोबा म्हणाले, एवढे देव असणाऱ्या बाईला मामाच्या बाजूला घाला. झालं, मी सोयरी झाले. सुनंदा तेवढी हसली नाही. इतके दिवस घासूनपुसून ठेवलेलं बोलणं तिच्याकडे तसंच राहिलं होतं.

संध्याकाळी मी मामांना गाठलं. म्हटलं, उद्या काय बोलणार ते मला आधी सांगा. ते म्हणाले, "पयले आपल्या पोराचे दोष सांगाचे. मंग मागाचं."

"दोष?" मी किंचाळलेच. "अहो मामा, तेच तर त्यांना हवंय! तुम्ही त्याचा एक दोष सांगा, ते दहा धरतील!"

"आपन नाई सांगितले तर ते सांगतीन. मंग मेलेल्याले पराया लोकाच्या तोंडून आयकाव लागते. आपन सांगितले का संपले. दोष झाकून मानूस मागाचा म्हंजे चोरी होते, बाई."

मी तासभर डोकं फोडलं. कंपनी कशी असते, वकील कसे असतात, तिकडे कबुली म्हणजे काय. मामा ऐकून घेत होते, मान हलवत होते. शेवटी आईंनी आतून एकच वाक्य म्हटलं आणि सुनंदानं ते मला सांगितलं. "दोष राहो का जावो, माहा पोरगा आना."

पाळीवर

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं गाव तलावाच्या पाळीवर येऊन बसलं, कारण रेंज तिथंच. मोहाच्या बुंध्याशी दोन विटा रचून त्यावर फोन उभा केला. समोर मामा आणि मी. सुनंदा माझ्या मागे, आईच्या बाजूला. पलीकडे पाण्यात वाळलेल्या झाडांचे खुंट आणि त्यांवर पाणकावळे. दोनदा फोन तुटला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा पडद्यावर गोऱ्या, व्यवस्थित भांग पाडलेल्या माणसानं आम्हाला नमस्कार केला. त्याच्यापुढे चहाचा छोटा पेला होता. बुर्सात असले हजार पेले मी प्याले असेन.

मामांनी त्याचं नाव घेतलं, बिनचूक. मग डोळे मिटून बोलायला लागले. सुनंदा माझ्या कानात मराठी करत होती आणि तिचा आवाज सपाट होता.

"आमचा पोरगा हट्टी होता. लहानपनी झाडाच्या शेंड्यावर जाचा, उतर म्हटलं तर उतरत नसे. न इचारता खाचा. मोठ्याचं आयकत नसे. तुमच्या गावात पन त्यानं कोनाचं आयकलं नसन. हे दोष आमचे हायेत."

मी भाषांतर करायला घेतलं. खरं सांगते, गाळावं असं एकदा मनात आलं. पण मामांच्या बाजूला बसून मामांचं तोंड झाल्यावर ते करवेना. मग मी माझ्याकडची एकुलती एक ढाल काढली. तुर्कीत 'गेर्ची' म्हणून शब्द आहे. खरं आहे म्हणा, पण. तो लावला की मान्य केलेलं लहान होतं आणि पुढचं मोठं. गेर्ची आमचा मुलगा हट्टी होता, आमा त्याला तुम्ही कामावर ठेवलंत. गेर्ची तो उंच चढायचा, आमा चढवलं तुम्ही. 'आमा' म्हणजे पण. मी मामांच्या सुट्या वाक्यांमध्ये माझे खिळे ठोकत गेले. मग मामा म्हणाले, "आता आमचा मानूस द्या," आणि मी म्हटलं, बू युझ्देन, म्हणजे या कारणास्तव, आमचा माणूस द्या.

वकिलानं पेला खाली ठेवला. माझ्या सगळ्या खिळ्यांमधून त्यानं हवा तो तुकडा काढून घेतला. म्हणाला, "यानी, म्हणजे, पट्टा त्यानं स्वतः सोडला, हे तुम्हाला मान्य आहे?"

मी ते मराठीत सांगायच्या आधीच माझ्या मागे सुनंदाचा श्वास अडकलेला ऐकू आला. तिला भाषांतर लागतच नव्हतं. मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "हो म्हना."

मी मागे वळून बघितलं. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण मला ते वाचता येत होतं, मीच शिकवलं होतं ते. ने केमेर वार्दी, ने… ना पट्टा होता, ना जाळी. मादेम… ज्याअर्थी. एक शब्द मोठ्यानं म्हणाली असती तर मामांचं बोलणं मोडलं असतं आणि वकिलाला उत्तर द्यावं लागलं असतं. मी वाट बघितली. पडद्यावर वकीलही वाट बघत होता. आईंनी सुनंदाच्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. सुनंदानं मान खाली घातली.

"एवेत," मी म्हटलं. होय.

आणि काय सांगू! तो माणूस एकदम मऊ झाला. फार वाईट झालं म्हणाला, आईला माझा नमस्कार सांगा म्हणाला, देह याच महिन्यात पाठवू, खर्च आमचा. इतके दिवस जे 'विचाराधीन' होतं ते चहाचा पेला संपायच्या आत मिटलं. माझा संताप संताप झाला. असं वाटत होतं तो फोन उचलून तलावात भिरकावून द्यावा. मी दात दाबून आभार मानले.

"येते का?" आईंनी विचारलं.

"येतो," मी म्हटलं.

आई तिथंच पाळीवर आडव्या झाल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, असं बायका म्हणाल्या. सुनंदा उतरून पाण्यापाशी गेली, तोंड धुतलं आणि बराच वेळ वर आली नाही. मामांनी मला हात जोडले. मी त्यांच्याकडे नीट बघितलंही नाही. माझ्या लेखी त्यांनी पोरीचा घास काढून घेतला होता.

पुन्हा एकदा

महिना संपता संपता मी परत गेले. जाण्याची सक्ती नव्हती, पण सोयऱ्यानं माणूस मागून आणला तर खाली ठेवायलाही सोयराच लागतो, असा मामांचा निरोप आला होता. नागपूरच्या विमानतळावर पेटी ताब्यात घेतली आणि सुनंदा आणि मी शववाहिनीत पुढे बसून निघालो. ती तुर्कीतलं अक्षर बोलली नाही. वर्ग तर तिनं केव्हाच सोडला होता. चालकानं मध्ये गाणी लावली, मग त्यालाच लाज वाटून बंद केली. गडचिरोलीपुढे सागाची पानं गळायला लागली होती आणि रस्त्यावर धुकं उतरत होतं.

गावाच्या वेशीवर भावकीतली माणसं एका बाजूला हात बांधून उभी होती. पेटीला हात लावला तो मामांकडच्या माणसांनी, आणि मी. माझे गुडघे कसे आहेत ते माझं मला माहीत, पण एका कोपऱ्याला खांदा लावला. खड्डा सोयऱ्यांनीच खणून ठेवला होता. आईंनी पेटीवर गाल टेकवला आणि काहीतरी पुटपुटल्या. मग पेटी उतरवली, माती लोटली. बराच वेळ लागला. मला घाम फुटला होता आणि थंडीही वाजत होती.

सगळं झाल्यावर मामा मातीच्या उशाशी उकिडवे बसले आणि गोंडीत बोलायला लागले, अगदी रोजच्या आवाजात, शेजारी कोणी बसलं असावं तसं. मी सुनंदाकडे सरकले. "काय म्हणताहेत?"

ती सांगायला लागली.

"म्हनते, भाच्या, तिथी पराया लोकासमोर मी तुह्यावर दोष ठेवला. तुले आनाचं होतं म्हनून ठेवला. तो तुहा नव्हता, मले ठाऊक हाये. आता तो मी माह्या अंगावर घेतो. तू रिकामा जाय. कोनी इचारलं तर मामाचं नाव सांग."

मामांनी मूठभर माती उचलली, स्वतःच्या डोक्यावर टाकली आणि उठले. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. पट्टा दिलेला नव्हता हेही, आणि 'हो' म्हणणं म्हणजे काय हेही. मला त्यांच्याकडे बघवेना.

माणसं तलावाकडे अंघोळीला निघाली. सुनंदा जागची हलली नाही. मी तिच्या दंडाला धरलं तर म्हणाली, "मॅडम, मामानं त्यांचं घेतलं."

"हो गं."

"मले येत होतं ना, मॅडम? सगडं येत होतं?"

"येत होतं. एकही चूक नव्हती."

"येत असून मी गप्प बसली," ती म्हणाली. "ते कोन घेनार?"

मी तिचा दंड सोडला. तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि आईला हाताला धरून न्यायला गेली.